निर्दोष ठरलेल्या मुलांचा मळा

२२ जानेवारी १८४० रोजी फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या मेत्रे या खेड्यात मध्यवर्ती तुरुंगांतली काही मुलं आणली गेली. अशा मुलांचे अपराध काय असत? कुणी पाव चोरलेला, कुणी खिसा मारलेला, आणि कित्येकांचा गुन्हा एवढाच की ती रस्त्यावर भटकताना किंवा भीक मागताना पोलिसांना सापडली. कायद्याच्या कागदावर मात्र ही मुलं गुन्हेगार नव्हतीच. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं होतं.

हा प्रकार समजून घ्यायला १८१० सालच्या फ्रेंच दंडसंहितेचं ६६वं कलम पाहावं लागतं. सोळा वर्षांखालच्या मुलाने समजून-उमजून गुन्हा केला नसेल तर त्याला निर्दोष सोडावं, असं ते कलम म्हणे. इथवर ठीक. पण त्याच कलमाला एक शेपूट होतं. सुटलेल्या मुलाला आईबापांच्या हवाली करावं, नाहीतर सुधारगृहात ठेवून वाढवावं. आणि हा मुक्काम वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत लांबू शकतो. परिणाम असा व्हायचा की समजून चोरी करणारा मुलगा काही महिन्यांची सजा भोगून घरी जाई, आणि न समजता चोरी करणारा आठ-दहा वर्षं आत राही. निर्दोष असण्याची ही किंमत होती.

मेत्रेत या मुलांसाठी कोट नव्हता, बुरूज नव्हता, फाटकावर बंदूकधारी शिपाई नव्हता. होती ती शेतं, भाजीचे वाफे, मधोमध एक मोकळं पटांगण आणि कडेने टुमदार घरं. मातीत हात घातले की मुलाचं मन निवळतं, ही कल्पना आज सुधारगृहांतल्या बागा, चित्रकलेचे वर्ग आणि मातीकामाच्या कार्यशाळांमधून पुन्हा मांडली जाते. ती इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा अमलात आली ती युरोपातल्या त्या काळच्या शेतवसाहतींमध्ये, आणि त्यांत मेत्रेचं नाव सर्वांत मोठं. तिचं पुढे काय झालं, हे त्यामुळेच पाहण्यासारखं आहे.

न्यायाधीशाची अस्वस्थता

मेत्रेचा संस्थापक फ्रेदेरिक-ऑग्यूस्त देमेत्झ हा पॅरिसच्या न्यायालयातला न्यायाधीश. लहान मुलं त्याच्यासमोर उभी राहत आणि त्यांना पाठवायचं कुठे, हा प्रश्न रोजचा. मोठ्यांच्या तुरुंगात पाठवावं तर तिथे ती पक्की चोर होऊन बाहेर येत. १८३६ साली पॅरिसमध्ये खास मुलांसाठी ला पेतित रोकेत नावाचा षट्कोनी तुरुंग सुरू झाला, पण थोड्याच काळात तिथे प्रत्येक मुलाला रात्रंदिवस एकट्याला कोठडीत ठेवण्याची पद्धत आली. वाईट संगत तुटावी म्हणून सगळी संगतच तोडायची, असा तो हिशोब.

त्याच वर्षी सरकारने देमेत्झला वास्तुशिल्पी गियोम-आबेल ब्लूए याच्यासोबत अमेरिकेतले तुरुंग पाहायला धाडलं. ब्लूए म्हणजे पॅरिसची विजयकमान पुरी करणारा माणूस. फिलाडेल्फियातली एकांतवासाची कोठडी, ऑबर्नमधलं मुक्याने करायचं सामुदायिक काम, सगळं पाहून दोघे परतले. प्रौढांसाठी एकांतवास देमेत्झला पटला. मुलांसाठी पटेना. त्याला हवं होतं ते हॅम्बुर्गजवळ सापडलं.

हॉर्नचं घर

हॅम्बुर्गच्या गरीब वस्तीत रविवारच्या शाळेत शिकवणारा योहान हिनरिश विशर्न हा पंचविशीतला तरुण. त्याने १८३३ साली शहराबाहेर हॉर्न इथे एका शेतघरात संस्था उघडली. घर दिलं होतं कार्ल झीवेकिंग या शहराच्या एका बड्या अधिकाऱ्याने, आणि संस्थेला लोक 'राउहेस हाउस' म्हणत. विशर्न तिथे स्वतःच्या आईला घेऊन राहायला गेला. नोव्हेंबरात पहिली तीन मुलं आली, वर्ष संपता संपता ती बारा झाली. घराभोवती मातीचा उंच बांध होता. मुलांना दिलेलं पहिलं मोठं काम म्हणजे तो बांध फोडून सपाट करणं. आपल्याभोवतीची भिंत आपणच पाडायची, असा श्रीगणेशा.

आलेल्या मुलाला विशर्न सांगे की मागचं सगळं माफ आहे. इथे तट नाही, खंदक नाही, कडीकुलूप नाही. बारा मुलांमागे एक तरुण, त्याला 'भाऊ' म्हणायचं. तो त्यांच्यातच जेवणार, त्यांच्यातच झोपणार. प्रत्येक कुटुंबाचं वेगळं छोटं घर, घरापुढे त्या घराची बाग. मुलं वाढली तशी नवी घरं बांधली गेली आणि ती बांधण्यात मुलांचाही हात लागला.

याच घरातली एक गोष्ट आज जगभर पोचली आहे, पण तिचा उगम फारसा कुणाला ठाऊक नसतो. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारून भंडावत. १८३९ साली विशर्नने एक जुनं गाडीचं चाक टांगलं आणि त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान, दर रविवारी एक मोठी पेटवायची. नाताळाआधी घरोघरी लागणाऱ्या मेणबत्त्यांच्या चक्राची परंपरा या रस्त्यावरच्या पोरांच्या घरातून निघाली. बंदिस्त मुलाला सगळ्यात जास्त छळतो तो न मोजता येणारा वेळ. विशर्नने तो मुलांना डोळ्यांनी मोजता येईल असा केला.

माणसाने जमीन, जमिनीने माणूस

देमेत्झने हॉर्नहून कुटुंबाची कल्पना उचलली. व्हिकोंत द ब्रेतिन्येर द कूर्तेय या त्याच्या सरदार मित्राने तूरजवळची आपली जमीन दिली. ब्लूएने आराखडा काढला. वसाहतीचं ब्रीद ठरलं: माणसाने जमीन सुधारावी आणि जमिनीने माणूस.

देमेत्झ कसलेला संघटक होता. मुलं येण्याच्या सहा महिने आधी, १८३९च्या जुलैत, त्याने कर्मचाऱ्यांना तयार करणारी शाळा उघडली. मुलांना सांभाळणं हे शिकून करायचं काम आहे, हे त्याने ओळखलं होतं. पटांगणाच्या दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा आणि टोकाला प्रार्थनामंदिर. घरांना देणगीदारांची नावं. एका घरात सुमारे चाळीस मुलं. खाली कामाची जागा, वर दिवसा अभ्यास आणि जेवण, रात्री त्याच खोलीत आडव्या तुळयांना झोळ्या बांधून झोपायचं. प्रत्येक घराला एक प्रमुख, एक उपप्रमुख, आणि मुलांनी आपल्यातूनच निवडलेला एक 'थोरला भाऊ'. पटांगणात खऱ्या जहाजाची डोलकाठी आणि दोरखंड उभारलेले, कारण काही मुलं पुढे नौदलात जायची होती. तीन महिने शिक्षा न झालेल्या मुलाचं नाव सन्मानफलकावर लागे. बाहेर पडल्यावर त्याला एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा कारागिराकडे कामाला लावून दिलं जाई, आणि आजारी पडला, काम सुटलं, तर तो मेत्रेला परत येऊ शके. कोठडीतून आलेल्या मुलाला हे सगळं केवढं मोठं वाटलं असेल! आणि त्या काळच्या मोजपट्टीने ते खरोखरच मोठं होतं.

पाहुण्यांची रीघ लागली. इंग्लंडचा माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूअम येऊन भारावून गेला. बर्मिंगहॅमचा न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल मेत्रेचा प्रचारकच झाला. १८४६ साली पाद्री सिडनी टर्नर येऊन पाहून गेला आणि त्याच्या लंडनच्या संस्थेने १८४९ मध्ये सरे परगण्यातल्या रेडहिल इथे शेतशाळा काढली. कोनशिला बसवायला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आले होते. हॉलंडमध्ये १८५१ साली 'डच मेत्रे' उभी राहिली.

पाहुण्यांना एक इमारत मात्र सहसा लक्षात राहत नसे. प्रार्थनामंदिराच्या मागे शिक्षेच्या कोठड्या होत्या. 'ईश्वर तुला पाहतो आहे' असं त्यांच्या भिंतींवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं असे. १८५५ सालापासून देमेत्झने तिथेच आणखी एक विभाग चालवला. श्रीमंत घरांतली हट्टी, उनाड मुलं त्यांच्या बापांच्या सांगण्यावरून तिथे नाव लपवून, एकएकटी ठेवली जात. गरिबाच्या मुलाला सुधारायला शेत आणि श्रीमंताच्या मुलाला सुधारायला एकांत! मातीने माणूस घडतो हे तत्त्व खरंच असतं, तर ते बड्या घरच्या मुलालाही लागू व्हायला हवं होतं. पण त्याच्या हाती कुदळ देण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. मेत्रेच्या मळ्यात औषधाबरोबर वर्गव्यवस्थाही पेरलेली होती. शहरातल्या गरिबाच्या पोराने खेड्यात जावं, शेतमजूर व्हावं, आणि पुन्हा पॅरिसच्या रस्त्यांवर दंगा करायला येऊ नये.

भाजीचा वाफा ते नफ्याचं शेत

सुरुवातीच्या मेत्रेत निदान देमेत्झ होता. मुलांना नावाने ओळखणारा, त्यांची पत्रं वाचणारा, देणग्यांसाठी दारोदार फिरणारा. पण त्याने उभा केलेला हिशोब त्याच्यापेक्षा टिकाऊ निघाला. सरकार दर मुलामागे दर दिवसाला ठरावीक रक्कम देई. ती पुरत नसे. उरलेलं देणग्यांतून आणि शेतीच्या उत्पन्नातून काढायचं. देणग्या आटल्या की राहतं ते शेत, आणि शेतात राबायला हात लागतात. पहाटे उठून दिवसभर काम, शाळेला एखाद-दोन तास. ज्या वाफ्यात मुलाने स्वतःला विसरून रमावं, तो वाफा संस्थेच्या खतावणीत जमेच्या बाजूला गेला.

५ ऑगस्ट १८५०च्या कायद्याने ही पद्धत देशभर नेली. अल्पवयीन कैद्यांना शेतवसाहतींत ठेवावं, आणि अशा वसाहती खाजगी लोकांनी काढल्या तरी चालतील, असं ठरलं. मेत्रेचं ब्रीद घेऊन जमीनदार पुढे आले. दर डोई सरकारी पैसा मिळणार, वर फुकटचे मजूर. देमेत्झची कल्पना नेताना त्यांनी देमेत्झची तळमळ मागेच ठेवली.

यातली सर्वांत काळी कहाणी भूमध्य समुद्रातल्या ल्व्हां बेटावरची. काउंट द पूर्तालेस याने १८६१ साली तिथे सँत-आन नावाची वसाहत उघडली. खडकाळ बेट, पाण्याची टंचाई, आणि ते लागवडीखाली आणायला पॅरिसच्या गल्ल्यांतली पोरं. ऑक्टोबर १८६६ मध्ये मुलांनी बंड केलं. कोठार फोडलं, आग लागली, आणि त्या आगीत डझनाहून अधिक मुलं जळून मेली. १८७८ साली वसाहत बंद झाली तोवर बेटावर एकूण सुमारे १०० मुलं दगावली होती. काउंटाला शिक्षा झाली नाही. 'जमिनीने माणूस सुधारतो' हे वाक्य ल्व्हांच्या कबरस्तानात उभं राहून म्हणून पाहावं.

मुंबईतली शाखा

हे वारं मुंबईपर्यंत आलं होतं. १८५० सालच्या १९व्या कायद्याने हिंदुस्थानात गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. त्याच वर्षी 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत उद्योगशाळा काढली. पोलिसांनी पकडलेल्या मुलांना हुन्नर शिकवावा, हा तिचा हेतू. १८५७ मध्ये बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीने तिला स्थैर्य मिळालं आणि ससूनांचं नावही. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. मुंबईने शेतापेक्षा कारखाना निवडला, सुतारकाम आणि लोहारकाम निवडलं. गिरण्यांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शहराला ते साजेसंच होतं.

१८६६ साली ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आल्या. इंग्लंडमध्ये त्यांनी १८५२ साली किंग्जवूडला मुलांचं आणि १८५४ साली रेड लॉजला मुलींचं सुधारगृह काढलं होतं. राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला वारले तेव्हापासून कार्पेंटर घराण्याचा हिंदुस्थानाशी जिव्हाळा जडलेला. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता अशा ठिकाणी त्यांनी शाळा आणि तुरुंग पाहिले, आणि मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर ठेवण्याची रीत थांबवा, असा तगादा सरकारमागे लावला. मुलाची स्वतःची इच्छा सुधारणेच्या बाजूला वळवता आली नाही तर बाकी सारं फोल, हे त्यांचं सूत्र होतं. हिंदुस्थानात सुधारशाळांचा कायदा १८७६ मध्ये झाला, १८९७ मध्ये नवा आला. मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये स्वतःचा बालकायदा केला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द ही नावं मुंबईकरांच्या कानावर पडतात ती या वंशावळीतून.

फुकोची तारीख, जनेची साक्ष

देमेत्झ १८७३ मध्ये वारला. त्याच्यामागे मेत्रे आणखी ६४ वर्षं चालली. आराखडा तोच, घरं तीच, जहाजाची डोलकाठी तीच. आतला माणूस गेला होता. घराचे प्रमुख आता बहुतेक पहारेकरी होते, आणि 'थोरला भाऊ' हा दुबळ्यांना कुटणारा दांडगा झाला होता.

सप्टेंबर १९२६ मध्ये पंधरा वर्षांचा झां जने तिथे आला. बेवारस टाकलेलं मूल, सरकारी खर्चाने एका खेड्यातल्या कुटुंबात वाढलेला, बिनतिकीट रेल्वेप्रवासासारख्या गुन्ह्यांत अडकलेला. मार्च १९२९ मध्ये तो सैन्यात भरती होऊन तिथून सुटला. पुढे तुरुंगाच्या वाऱ्या करता करता तो फ्रान्सचा थोर लेखक झाला आणि १९४६ सालच्या 'मिराक्ल द ला रोझ' या कादंबरीत त्याने मेत्रे उभी केली. भिंत नसल्याचं कौतुक पाहुण्यांनी शंभर वर्षं केलं होतं. जनेने त्यामागचं सत्य सांगितलं. भिंत नव्हती कारण तिची गरज नव्हती. पळालेला मुलगा पकडून दिला की आसपासच्या शेतकऱ्यांना बक्षीस मिळे. सगळं शिवारच पहाऱ्यावर होतं.

मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने तुरुंगांच्या इतिहासावरच्या आपल्या १९७५च्या ग्रंथात हेच पुढे नेलं. आधुनिक तुरुंगव्यवस्था पूर्णत्वाला पोचल्याची तारीख त्याने दिली ती २२ जानेवारी १८४०. कुटुंब, शाळा, कार्यशाळा, सैन्य आणि न्यायालय या सगळ्यांची शिस्त मेत्रेत एका मुलाभोवती एकवटली, असं त्याचं म्हणणं.

जनेची साक्ष इथेच संपत नाही, आणि सुधारकांना ती अवघड जाते. १९४८ साली फ्रेंच नभोवाणीने त्याला बालगुन्हेगारीवर बोलायला सांगितलं. त्याने लिहिलेलं भाषण इतकं बोचरं निघालं की ते प्रसारित झालंच नाही. सुधारगृहाची क्रूरता गोड नावांनी झाकू नका, असं तो सांगत होता. बंडखोर मुलाला ती क्रूरता हवी असते, कारण तिच्याशी झुंजण्यातच त्याचा मान असतो. या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे. बाग, चित्रं, गाणी ही मुलाला गुपचूप वळवण्यासाठी वापरली, तर ती त्याच्या बंडाचा अपमान करतात. उरलेला अर्धा भाग मात्र मानता येत नाही. जने लेखक होऊन वाचला. ल्व्हांच्या आगीत मेलेल्या मुलांना झुंजण्याचा मान मिळाला नाही.

मेत्रेचा शेवट वर्तमानपत्रांनी केला. २७ ऑगस्ट १९३४ रोजी ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावरच्या सुधारगृहात एका मुलाने जेवताना सूपच्या आधी चीज खाल्लं. पहारेकऱ्यांनी त्याला बडवलं. पोरं उठली आणि पन्नासाहून अधिक पळाली. त्यांना शोधायला बेटावर सुट्टीसाठी आलेले पर्यटकही निघाले. एका मुलामागे २० फ्रँक बक्षीस होतं. कवी झाक प्रेव्हेरने यावर कविता लिहिली, तिचं गाणं झालं. 'पारी-स्वार' या दैनिकात अलेक्सिस दानां याने अशा जागांविरुद्ध मोहीम चालवली आणि १९३७ मध्ये मेत्रेला टाळं लागलं. २ फेब्रुवारी १९४५च्या अध्यादेशाने फ्रान्सने मुलांच्या बाबतीत शिक्षेआधी शिक्षण हे तत्त्व स्वीकारलं.

विल्टविकची रंगांची खोली

मग माती आणि रंग यांचा औषधी उपयोग भ्रमच होता का? याचं उत्तर न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या इसोपसमध्ये मिळतं. १९३६ साली तिथे विल्टविक नावाची शाळा निघाली होती. आठ ते बारा-तेरा वर्षांची, बहुतेक हार्लेमसारख्या गरीब वस्त्यांतली मुलं न्यायालयाच्या हुकमाने इथे येत. नदीपलीकडेच एलिनॉर रूझवेल्ट राहत. त्या शाळेच्या पाठीशी उभ्या असत आणि मुलांना आपल्या घरी सहलीला बोलावत. फ्लॉइड पॅटरसन इथे काही काळ राहिला. पुढे १९५६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मुष्टियुद्धाचा हेवीवेट जगज्जेता झाला.

१९५० मध्ये एडिथ क्रेमर नावाच्या चित्रकर्तीने इथे कलेचा वर्ग सुरू केला. ती व्हिएन्नाची ज्यू. तिची गुरू फ्रीडल डिकर. प्रागमध्ये नाझींपासून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना डिकर चित्रकला शिकवी आणि क्रेमर तिला मदत करी. १९३८ मध्ये क्रेमर अमेरिकेला निसटली. डिकर तेरेझीनच्या छळछावणीत गेली. तिथेही ती मुलांना शिकवत राहिली, आणि १९४४ मध्ये आउशविट्झला मारली गेली. मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली.

क्रेमर विल्टविकमध्ये सात वर्षं होती. चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करून त्याला सुनावणं तिला मान्य नव्हतं. मूल साहित्याशी कसं वागतं, याकडे तिचं लक्ष असे. कुणी रंग नुसता चिवडतो, कुणी कागद फाडून चिखल करतो, कुणी तीच ती विमानं आणि तेच ते बंगले छापल्यासारखे काढतो, कुणी चित्राने नुसता निरोप देतो. आणि कधीतरी एखादा मुलगा आतला राग, भीती, हाव यांना असा आकार देतो की चित्र त्याच्याशीच नाही तर इतरांशीही बोलू लागतं. त्या शेवटच्या पायरीपर्यंत मुलाला साथ द्यायची. पण चित्र त्याचं राहू द्यायचं, आपलं करायचं नाही. या मदतीला तिने पुढे 'तिसरा हात' म्हटलं. १९५८ मध्ये तिने विल्टविकवर लिहिलेलं पुस्तक कलोपचाराच्या क्षेत्रातलं एक मूळ पुस्तक मानलं जातं.

मेत्रेत दिवसाअखेर टोपल्या मोजल्या जात. विल्टविकच्या खोलीत मोजण्यासारखं काही तयारच होत नव्हतं. चित्र विकलं जात नव्हतं, त्याने सजा कमी होत नव्हती, ते बिघडलं तर कुणी फलकावरून नाव पुसत नव्हतं. मूल रागाने मातीचा गोळा भिंतीवर फेकी, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा माती मिळे. तो दुसऱ्या दिवसाचा गोळाच खरा उपचार होता.

मळा कुणाचा

या शंभर-सव्वाशे वर्षांतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. माती आणि रंग यांत स्वतःचा असा गुण नाही. बारा मुलांमागे एक माणूस होता तेव्हा हॉर्नची बाग घर झाली. चाळिसांमागे एक प्रमुख आणि वर्षअखेरचा ताळेबंद आला तेव्हा मेत्रेचं शेत मजुरीचं झालं. आणि मधला माणूसच काढून टाकला तेव्हा ल्व्हांचं बेट कबरस्तान झालं. मुलाला 'आज नको' म्हणता येतं का, उगवलेली भाजी कुणाच्या ताटात पडते, बिघडवण्याची मुभा आहे का, आणि त्याच्या शेजारी वाकून काम करणारा मोठा माणूस उद्याही येणार आहे का, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडच्या २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात पहिलंच तत्त्व असं आहे की, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता, असं धरून चालावं. फ्रान्सच्या ६६व्या कलमानेही न समजता गुन्हा करणाऱ्या मुलाला निर्दोष म्हटलं होतं आणि त्याच ओळीत त्याची आठ-दहा वर्षं घेतली होती. आपल्या कायद्याने त्याच कलमात पुढे एक अट घातली आहे: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, तोही योग्य चौकशीनंतरच. म्हणून एखाद्या निरीक्षणगृहातल्या सुंदर बागेचे किंवा भिंतीवरच्या चित्रांचे फोटो पाहिले, की त्या बागेचं कौतुक जरूर करा, पण आधी विचारा की ही मुलं इथे किती दिवस आहेत, आणि घरी कधी जाणार आहेत. मेत्रेला येणाऱ्या पाहुण्यांनी हा प्रश्न विचारला असता, तर तिचं कौतुक करायला त्यांना एवढी वर्षं लाभली नसती.